कपोला गेला तेव्हा, आणि आता इंजिन जाताना

परवा आमच्या गल्लीत शेजारच्या पोरानं इलेक्ट्रिक स्कूटर घेतली, हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. सगळे रंग बघत होते, एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते विचारत होते, आणि आमचे आबा मात्र कमरेत वाकून गाडीच्या पोटाकडं बघत होते. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "ह्यात कास्टिंग किती असत्यात रे?" कास्टिंग म्हणजे धातूचा रस ओतून बनवलेले पार्ट. मी म्हटलं थोडीच, आणि आहेत ती बहुतेक ॲल्युमिनियमची. ते नुसतं "हं" म्हणाले आणि पेढा हातात धरून कट्ट्यावर बराच वेळ तसेच बसून राहिले.

त्या "हं" मुळं ही पोस्ट लिहायला बसलोय.

आबांनी चाळीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत, पॅटर्न बनवली. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, लोखंडाचा कुठलाही पार्ट ओतायचा म्हटलं की आधी त्याचं लाकडी रूप करायचं, ते वाळूत दाबून बाहेर काढायचं म्हणजे वाळूत त्याच्या आकाराची पोकळी राहते, आणि त्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण लोखंड गार होताना आकसतं, शंभराला साधारण एक, म्हणून पॅटर्न तेवढं मोठं ठेवायचं, ते वाळू न मोडता सुटावं म्हणून उभ्या बाजूंना किंचित उतार द्यायचा, आतले कोपरे गोल करायचे, जिथं पुढं मशीनिंग होणार तिथं जास्तीचं मटेरियल सोडायचं. आबांकडं एक पोलादी पट्टी आहे, तिच्यावरचे मिलिमीटर हे खरे मिलिमीटर नाहीतच, शंभराला एक या हिशोबानं प्रत्येक जण जरा लांब आहे, म्हणजे कारागिरानं ड्रॉइंगवरचं माप बघायचं आणि सरळ या पट्टीनं आखायचं, आकसण्याचं गणित पट्टीतच बसवलेलं. लहानपणी मी ती पट्टी शाळेत नेली होती तर भूमितीच्या वहीत दहा सेंटीमीटरची प्रत्येक रेघ एक मिलिमीटर लांब आली. बाईंनी विचारलं तेव्हा मला कारण सांगता आलं नाही, घरी येऊन आबांना विचारलं आणि त्यांनी रात्री जेवणं झाल्यावर मला लोखंड गार कसं होतं ते समजावलं. माझं विज्ञान खरं तर तिथं सुरू झालं.

आता मी शिरोलीला एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, कॉम्प्युटरवर काम करतो, कास्टिंगचं सिम्युलेशन. म्हणजे रस कुठून शिरेल, कुठं आधी गार होईल, कुठला जाड भाग शेवटपर्यंत पातळ राहील आणि आत पोकळ पडेल, हे सगळं ओतायच्या आधी स्क्रीनवर रंगात दिसतं. पूर्वी पाच-सहा वेळा ओतून, फोडून, परत पॅटर्न तासून जे कळायचं ते आता एका रात्रीत कळतं. त्यामुळं नवीन तंत्रज्ञानाबद्दल माझी तक्रार अजिबात नाही, माझं पोटच त्याच्यावर आहे. पण मी ज्या खुर्चीत बसलोय तिथून एक गोष्ट रोज दिसते आणि ती कुणी नीट बोलत नाही असं वाटतं.

आधी थोडं मागं जाऊ.

कोल्हापूरचा हा सगळा धंदा उभा राहिला तो पाणी उपसणाऱ्या इंजिनावर. पंचगंगा, भोगावती, कासारी, कुंभी, नद्या भरपूर, पण ऊस वर आणि पाणी खाली. मग नदीकाठी ऑइल इंजिन, गुऱ्हाळाच्या चरकाला इंजिन. म्हादबा मेस्त्रींसारख्या माणसांची नावं उद्यमनगरात आजही आदरानं घेतात ती याचमुळं, कॉलेजची पदवी नसताना परदेशी इंजिन उघडून बघून तसं इथं बनवायची जिद्द असलेली ती माणसं. मग शेतात वीज पोचली. इंजिनाच्या जागी मोटर आली, आणि नदीकाठचा तो टुक टुक आवाज हळूहळू बंद झाला. आबा सांगतात, तेव्हाही लोक म्हणाले होते की आता उद्यमनगर बसलं. बसलं नाही, त्याच भट्ट्यांवर ट्रॅक्टर, ट्रक, मोटारींचे पार्ट ओतायला लागले, सिलिंडर ब्लॉक, हेड, फ्लायव्हील हाउसिंग, मॅनिफोल्ड. पण ज्यांची दुकानं फक्त इंजिन असेंब्लीची होती त्यातली किती उरली हे आबांना विचारलं की ते बोटं मोजायला लागतात आणि मध्येच थांबतात.

दुसरा बदल भट्टीचा. पूर्वी कपोला असायचा. उभं धुराडं, त्यात कोकचा थर, पिग आयर्न, भंगार, चुनखडी, परत कोक, आणि खालून हवेचा झोत. भट्टी चालवणारा माणूस छोट्या भोकातून आत बघायचा आणि उजेडाच्या रंगावरून सांगायचा की रस तयार आहे का अजून थांबायचं. मग इंडक्शन भट्टी आली. तिच्यात आग नसतेच, तांब्याच्या पोकळ नळीचं वेटोळं, नळीतून पाणी वाहतंय, वेटोळ्यातून एसी करंट जातोय, आणि मधल्या लोखंडात आपोआप करंट तयार होऊन लोखंड स्वतःच तापून वितळतं. चौदाशे डिग्रीच्या आसपासचा रस आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर पाणी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी घाबरलो होतो, अजूनही त्या पाण्याकडं लक्ष असतं माझं. धूर कमी झाला, रसाची केमिस्ट्री हातात आली, रिजेक्शन कमी झालं, हे सगळं चांगलंच झालं. एक टन लोखंड वितळवायला साडेपाचशे-सहाशे युनिट वीज लागते म्हणून मालकाची झोप आता कोकच्या भावाऐवजी लाइट बिलावर असते, तेवढा फरक.

आणि यात मला सगळ्यात जास्त विचारात पाडणारी गोष्ट म्हणजे फॅरेडे. मायकेल फॅरेडे, बुकबाइंडरच्या दुकानात उमेदवारी केलेला माणूस. १८३१ साली त्यानं दाखवलं की चुंबकीय क्षेत्र बदललं की जवळच्या तारेत करंट तयार होतो. आमची इंडक्शन भट्टी म्हणजे तेच. आणि त्याच्या दहा वर्षं आधी, १८२१ साली, त्याच फॅरेडेनं करंट वाहणारी तार चुंबकाभोवती गोल फिरवून दाखवली होती, ती मोटरची सुरुवात. म्हणजे ज्या माणसाच्या प्रयोगानं आमचा कपोला घालवला त्याच माणसाच्या दुसऱ्या प्रयोगानं आता इंजिन जायला लागलंय. मोटर काही नवीन नाही, अडलं होतं ते बॅटरीवर. लिथियम आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली, ती बनवायला ज्यांचं संशोधन कामी आलं त्या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि मधल्या काळात मोबाइल आणि लॅपटॉपनं ती इतकी स्वस्त करून टाकली की ती गाडीत बसली. प्रयोगशाळेतल्या गोष्टीला उद्यमनगरापर्यंत यायला दोनशे वर्षं लागली, पण शेवटची दहा वर्षं फार पटापट गेली.

२०२४-२५ या वर्षात देशात ११ लाखांहून जास्त इलेक्ट्रिक दुचाकी विकल्या गेल्या, आणि तीनचाकी तर निम्म्याहून जास्त इलेक्ट्रिक. मोठ्या ट्रकला, ट्रॅक्टरला अजून वेळ आहे. ब्रेकचे डिस्क, सस्पेन्शनचे ब्रॅकेट, डिफरन्शियलचं हाउसिंग, पंप, व्हॉल्व्ह, मशीनचे बेड, हे राहणारच. म्हणून "फाउंड्री संपली" म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण ज्यांची नव्वद टक्के ऑर्डर इंजिनाच्या पार्टची आहे त्यांनी शांत झोपावं असंही नाही.

आता मूळ मुद्दा, आणि तो सांगायला मला मागच्या पावसाळ्यातली गोष्ट सांगावी लागेल.

जुलै महिना, आठवडाभर सूर्य दिसला नव्हता. एका पंपाच्या केसिंगमध्ये ब्लो होल यायला लागले. कास्टिंग बाहेरून एकदम चकाचक, मशीनिंगला गेलं की आत बारीक बारीक भोकं. मी सिम्युलेशन परत चालवलं, तीनदा चालवलं, स्क्रीनवर सगळं बरोबर. रस नीट भरतोय, हवा बाहेर जातेय, कुठंच लाल रंग नाही. मी गेटिंग, म्हणजे रस आत जायचे रस्ते, बदलायला निघालो होतो. आमच्याकडं एक जुने मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारे, आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, साठीला आलेत, सातवी शिकलेत. ते वाळू मुठीत धरून दाबतात, मूठ उघडतात, गोळ्यावर बोटांचे वळ कसे उमटलेत ते बघतात, मग गोळा मधून मोडतात आणि पाणी जास्त झालंय का बेंटोनाइट, म्हणजे वाळू चिकटवणारी माती, कमी पडलंय ते सांगतात. लॅबमध्ये मशीन आहे, मशीनचा आकडा पाच मिनिटांनी येतो आणि बहुतेक वेळा अण्णांच्या बाजूनं येतो. तर अण्णा माझ्या टेबलाजवळ आले, स्क्रीन बघितला, आणि म्हणाले, "ह्यात कोअर कोरडा धरलाईस न्हवं?"

कोअर म्हणजे कास्टिंगच्या आतली पोकळी ठेवायला वेगळा बनवलेला वाळूचा आकार. आमचे हे कोअर सोडियम सिलिकेट आणि कार्बन डायऑक्साइडवर कडक केलेले. ते हवेतला ओलावा ओढतात. संध्याकाळी बनवलेले कोअर रात्रभर भिंतीकडेला ठेवायचे, सकाळी लावायचे, आणि ती भिंत पश्चिमेची, पावसाची झड लागणारी. अण्णा म्हणाले हात लावून बघ. मी हात लावला, खरं सांगतो मला काहीच फरक कळला नाही. त्यांना कळत होता.

इथं दोन सोपे रस्ते होते. एक, जुना माणूस सांगतोय म्हणजे खरंच असणार म्हणून मान डोलावायची. दुसरा, सॉफ्टवेअर लाखांचं आहे ते चुकणार नाही म्हणून अण्णांना हसायचं. मला दोन्ही नको होते. मला आठवण झाली जयंत नारळीकरांची. ते आपल्या कोल्हापूरचे, १९३८ साली इथं जन्मले, २०२५ च्या मे महिन्यात गेले. विश्वाच्या उत्पत्तीवर काम केलेला माणूस, पण त्यांनी आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात फलज्योतिषाची एक साधी चाचणी घेतली होती, ती मला त्यांच्या खगोलशास्त्राइतकीच महत्त्वाची वाटते. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या घेतल्या, मिसळल्या, आणि प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस देऊन विचारलं की यातली कुठली हुशार मुलाची. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, बरोबर निघाली ती ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नास आली असती. कुणाला शिव्या नाहीत, कुणाची टिंगल नाही, नुसतं विचारलं, मोजलं आणि सांगितलं.

मग आम्ही तसंच केलं. साठ कोअर घेतले, तीस भिंतीकडेला, तीस ओव्हनजवळच्या कोरड्या खोलीत. कास्टिंगवर फक्त नंबर, कुठला नंबर कुठल्या कोअरचा हे माझ्या वहीत, मशीन शॉपमधल्या पोरांना काहीच सांगितलं नाही. निकाल आला तो भिंतीकडच्या तीसात सात खराब, कोरड्या खोलीतल्या तीसात एक. अण्णा बरोबर होते. तेव्हापासून शॉपमध्ये आर्द्रतेचं एक छोटं मीटर टांगलंय, पावसाळ्यात कोअर चार तासांच्या वर बाहेर ठेवत नाही, आणि माझ्या सिम्युलेशनच्या फाइलमध्ये आता "कोअर किती वाजता बनवला" असा एक रकाना आहे. तो रकाना सॉफ्टवेअर बनवणाऱ्यानं दिलेला नाही, तो अण्णांनी दिलाय.

हे पण सांगायला पाहिजे की अण्णांचं दुसरं एक म्हणणं होतं, अमावस्येला ओतलेल्या मालात भोकं जास्त पडतात. तेही तपासलं. सहा महिन्यांची रिजेक्शनची वही काढली, अमावस्येचे दिवस वेगळे केले, काही फरक नाही. मी जरा भीत भीतच सांगितलं. अण्णा वही हातात घेऊन स्वतः बेरीज करत बसले, मग म्हणाले, "म्हंजे एवढी वर्सं उगंच भ्यालो." आणि पुढच्या अमावस्येला मोठी हीट, म्हणजे भट्टीभर रस, स्वतः लावली. एवढ्या सहज मागं येणारा माणूस मी शिकलेल्या लोकांत फार कमी बघितलाय.

तर मला जे म्हणायचंय ते हे आहे. नवीन तंत्र येतं तेव्हा आपण विचारतो किती माणसं कमी होतील, किती पैसे वाचतील. त्या माणसांना काय माहीत होतं आणि ते आता कुठं ठेवायचं, हे कुणी विचारतच नाही. कपोल्याच्या वेळी कुणी विचारलं नाही. रंग बघून रस ओळखणारी ती माणसं घरी गेली, आमच्या वरच्या गल्लीतले एक जण पुढं अपार्टमेंटला वॉचमन होते, त्यांच्या डोक्यात जे होतं ते कुणी लिहून घेतलं नाही, त्यांनाही कधी वाटलं नाही की ते लिहिण्यासारखं आहे.

एआयचंही तेच बघतोय. आमच्याकडं झारखंड, ओडिशाची पोरं खूप आहेत. ती पोरं मशीनवरचा इंग्रजी मेसेज फोटो काढून एआयला विचारतात आणि आपल्या भाषेत उत्तर घेतात, मला याचं कौतुकच वाटतं. पण एका रात्रपाळीला भट्टीच्या पॅनलवर अर्थ लीकेजचा, म्हणजे वीज जमिनीकडं गळतेय असा, अलार्म आला, पोरानं फोटो टाकला, उत्तर आलं की जोडण्या तपासा, रीसेट करून परत चालू करा. घरातल्या मिक्सरला हे ठीक आहे. इंडक्शन भट्टीत त्या अलार्मचा अर्थ असा असू शकतो की आतलं लायनिंग, म्हणजे अस्तर, झिजून रस तांब्याच्या वेटोळ्यापर्यंत पोचायला आलाय, आणि वेटोळ्यात पाणी आहे. वितळलेल्या लोखंडाखाली पाणी सापडलं तर त्याची क्षणात वाफ होऊन स्फोट होतो. पोराचा हात बटणावर होता. भट्टीवरचे मामा लांबून ओरडले, "हात काढ, रीसेट करू नगंस, लायनिंग गेलंय!" भट्टी रिकामी केली, गार झाल्यावर बघितलं तर एका बाजूला लायनिंग अंगठ्याएवढं उरलं होतं. दुसऱ्या दिवशी मी आणि मामांनी बसून प्रत्येक अलार्मचा अर्थ आणि काय करायचं नाही ते हिंदीत लिहून पॅनलशेजारी लावलं. मामा बोलत होते, मी टाइप करत होतो. दोन तासांत अकरा पानं झाली. तीस वर्षं ते याच भट्ट्यांवर आहेत आणि त्यांना हे कुणी पहिल्यांदाच विचारत होतं.

मध्ये इलेक्ट्रिक गाड्या आणि फाउंड्रीचं भवितव्य अशा एका कार्यक्रमाला गेलो होतो. हॉल एसी, बोलणारे चांगले, माहितीही खूप मिळाली, खोटं बोलणार नाही. पण तीन तासांत मोल्डर हा शब्द एकदाही आला नाही. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला, ज्याचं पोरगं आता बारावीला आहे, ॲल्युमिनियम डाय कास्टिंग, म्हणजे धातूच्या साच्यात ओतणं, कोण शिकवणार, किती दिवस, त्या दिवसांची मजुरी कोण भरणार, हा प्रश्न मी शेवटी विचारला तर चहाची वेळ झाली होती. मला त्याचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. ज्या गावात शाहू महाराजांनी १९०६ साली गिरणी काढली आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, म्हणजे यंत्र आणि शाळा दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यात एका वेळी होते, त्या गावात तरी हे दोन विषय वेगवेगळ्या हॉलमध्ये नसावेत.

मी माझ्यापुरतं एक सुरू केलंय. सोमवारी एमआयडीसीला सुट्टी असते, त्या दिवशी सकाळी आबांकडं दोन-तीन जुने पॅटर्नवाले, एखादा मोल्डर येऊन बसतात, चहा होतो, आणि मी त्यांना जुन्या एकेका कास्टिंगची गोष्ट विचारतो आणि फोनवर रेकॉर्ड करतो. कुठं फसलं, कसं सापडलं, काय केलं. सुरुवातीला ते नुसते लाजत होते, आता एकमेकांच्या चुका काढतात आणि आवाज गल्लीपर्यंत जातो. डिप्लोमाची दोन पोरंही यायला लागलीत, ती ऐकतात आणि मध्येच असे प्रश्न विचारतात की म्हातारे गप्प होऊन विचार करायला लागतात.

काल रात्री आमच्याकडं पहिल्यांदा एका मोटरच्या हाउसिंगची चौकशी आली, ॲल्युमिनियम, थोडेच नग, नमुन्यासाठी वाळूतच ओतायचे. मी घरी ड्रॉइंग घेऊन आलो, टेबलावर पसरलं. आबांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं, बोटानं कडा मोजल्या, फिन, म्हणजे गार होण्यासाठीच्या पातळ पट्ट्या, कुठून सुटणार ते पुटपुटले. मग कपाटातून ती पोलादी पट्टी काढली, हातात घेतली आणि थांबले.

"ॲल्युमिनियमला आकसायला किती सोडायचं?"

मी म्हटलं साधारण शंभराला एक पूर्णांक तीन धरतात, मिश्रधातू बघून कमी-जास्त.

त्यांनी पट्टी परत कपाटात ठेवली, डायरी उघडली, कोरं पान काढलं आणि वर तारीख टाकून १.३ लिहिलं.